दोन ठोक्यांची उडी

ढब्बूला झोप यायची ती एकाच आवाजात, आणि नेमका तोच आवाज बंद व्हावा म्हणून अख्खी इमारत हात धुऊन मागे लागली होती.

तो आवाज ड्रमचा होता. तळमजल्यावरच्या आजी रोज दुपारी ड्रम बडवायच्या. सत्तरी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मनगटं अशी की बरणीचं घट्ट झाकण त्यांच्या हातात दिलं तर ते आपणहून सुटावं. इमारतीतली पोरं त्यांना 'धडधड आजी' म्हणायची. मोठी माणसं, पोरं आसपास नसली की, याहून वाईट काहीतरी म्हणायची.

बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, ढब्बू राहायची. वय एक वर्ष, वजन वयाच्या मानाने बरंच, म्हणून ढब्बू. आणि ढब्बूबरोबर ढब्बूची आई. तिला इमारतीत दुसरं नावच नव्हतं. ढब्बूची आई म्हणजे काळजीचं चालतंबोलतं दुकान. पोर झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. श्वास लागला तर 'इतका जोरात का लागतोय' म्हणून पुन्हा धरायची. नवरा म्हणायचा, "अगं, तिला झोपू दे, नाहीतर मोठी होऊन तीच तुझ्या नाकाशी बोट धरेल."

पण दुपारी खालून ठेका सुरू झाला की जमिनीतून, खाटेच्या पायांतून तो वर चढायचा आणि ढब्बूचे डोळे मिटायचे. मग तिची आई जमिनीवर पाठ टेकून पडून राहायची, तळवे फरशीला लावून. गाणी तिच्या ओळखीची होती. कॉलेजच्या हॉस्टेलवर तिने ती पोटभर ऐकली होती. तिच्या जन्माच्याही आधीचं ते जुनं रॉक, लांबच लांब गिटारी, गळा फाटेस्तोवर गाणारी माणसं. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा कानात तेच. ढब्बू झाल्यापासून मात्र एक कान कायम पोरीसाठी उघडा ठेवावा लागायचा. वर्षभर तिने प्रत्येक गाणं अर्धंच ऐकलं होतं, डाव्या कानापुरतं.

आणि एका दुपारी खाली काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. ढब्बूने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिला कडेवर घेऊन आई जिना उतरली. दारावर कमिटीची नोटीस चिकटवलेली होती. तिने बेल दाबली.

"तक्रार ना?" आजींनी दार उघडता उघडताच विचारलं. "बंद केलंय. चिटणिसांना सांग, आता तुमचं घोरणं ऐकू येतंय सगळ्यांना."

"तक्रारच आहे," ती म्हणाली. "बंद का केलंत? हिला झोप येत नाही. मलाही येत नाही."

आजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नाक वाहत असलेल्या ढब्बूकडे. आणि अशा काही हसल्या की ढब्बू रडायची थांबली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुलट तक्रार आली बघ. ये आत. त्या गाण्याचं नाव सांगता येईल का, मी परवा अर्धवट टाकलेलं?"

तिने सांगितलं. गाण्याचं, गाण्याआधीच्या गाण्याचं, आणि आजी तिसऱ्या कडव्यात पायाने वाजवायची किक जरा घाईने मारतात हेही सांगून टाकलं. सांगून झाल्यावर तिला घाम फुटला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

आजी मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जमिनीतून ऐकू आलं तुला हे?"

"तळव्यांना लागतं."

"बस तिथे," आजी म्हणाल्या आणि ड्रमच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

कमिटीचं प्रकरण लवकर मिटलं. ड्रम थांबला की लेकराची झोप मोडते म्हटल्यावर चिटणिसांची बोलती बंद झाली. दुपारची वेळ ठरली, दारावरची नोटीस काढली गेली. आणि ढब्बूची आई रोज खाली उतरू लागली.

आजींनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. मागची खोली म्हणजे त्या स्कूलचा जुना वर्ग. भिंतीवर अजून रस्त्याच्या चिन्हांचे तक्ते होते, आणि 'पुढे शाळा आहे, वेग कमी करा' या पाटीच्या बरोबर खाली ड्रमसेट मांडलेला. शिकवायची पद्धतही तीच उरली होती.

"ब्रेकवर पाय ठेवून चालवायला निघालीस का? किक दाब आणि सोड. दाबून ठेवलीस की इंजिन बंद पडतं."

"डाव्या हातात स्टिअरिंग आहे का? मग घट्ट कशाला धरतेस? काठी सुटली तर सुटली, दुसरी आहे."

दोन ओळींच्या मधल्या भरावाला सगळी दुनिया फिल म्हणते, आजी वळण म्हणायच्या. "वळण घ्यायचं तर आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण. आरसा म्हणजे काय? मान वर करून गिटारवाल्याकडे बघायचं. सिग्नल म्हणजे झांजेवर एक हलकीशी टिचकी, की बाबांनो, मी वळतेय. आणि मग वळायचं. तू थेट वळतेस. मागून येणारा धडकेल ना पोरी!"

ती हसायची, चुकायची, पुन्हा वाजवायची. ढब्बू बाजूच्या खोलीत गादीवर झोपलेली असायची. एकदा ऐन गडगडाटात आईने काठ्या वर धरून वाजवणं थांबवलं.

"काय झालं?"

"कूस बदलली तिने."

आजी लंगडत जाऊन बघून आल्या. खरंच बदलली होती. "एवढ्या ढणढणाटात तुला हे ऐकू आलं? बाई, हा कान आहे की काय आहे! लोक तुला घाबरट म्हणत असतील. म्हणू देत. ड्रमरला असाच कान लागतो. सगळ्यांवर नजर, सगळ्यांची काळजी, आणि तोंडाने एक शब्द नाही."

"मी तोंडानेही बोलते," ती म्हणाली.

"ते हळूहळू सुटेल."

आजी लंगडायच्या ते उजव्या गुडघ्यामुळे, आणि त्या गुडघ्यानेच पुढचं सगळं घडवलं. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलावा लागेल आणि बराच काळ किक मारायची नाही. इथवर ठीक होतं. पण नदीकाठच्या जुन्या स्केटिंग हॉलमध्ये दर वर्षी गाण्यांची एक संध्याकाळ असायची, ती तोंडावर आली होती. आणि तिथे दर वर्षी, आजींच्या तरुणपणापासून, शेवटचा बँड म्हणून 'हँडब्रेक' वाजवायचा. हँडब्रेक म्हणजे तीन माणसं: ड्रमवर आजी, गिटार आणि गाण्याला एक निवृत्त दातांचे डॉक्टर, आणि बेस गिटारला एक निवृत्त पोस्टमन. डॉक्टरांना आजी 'अक्कलदाढ' म्हणायच्या, कारण एक तर ते दातांचे आणि दुसरं म्हणजे प्रत्येक बाबतीत अक्कल पाजळायचे. पोस्टमनला 'टपाल' म्हणायच्या, कारण त्याचा प्रत्येक सूर पोचायचा नक्की, पण उशिरा.

दोघे बैठकीला आले तेव्हा अक्कलदाढांनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. "ठेक्याचं यंत्र आहे. बटण दाबलं की वाजतं. गुडघा नाही, कुरकूर नाही."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर?" आजी कडाडल्या. "माझ्या जागी डबी? त्यापेक्षा हँडब्रेक बंद करा. ही वाजवेल."

ढब्बूची आई तेव्हा दारात ढब्बूचं नाक पुसत उभी होती. तिने मागे वळून पाहिलं, मागे कोण आहे म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

"ही?" अक्कलदाढांचा चष्मा नाकावर घसरला. "कालपरवा काठी धरली हिने. कानामागून आली आणि..."

"तिखट झाली. हो, झालीच आहे. ऐकून तर बघ."

टपाल मिशीतल्या मिशीत हसला. "वाजवू दे की. माझ्याहून उशिरा काय येणार ती!"

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या तालमीत तिने शेवटचं मोठं गाणं न अडखळता पार केलं तर स्टूल तिचं. अडखळली तर डबी. आणि डबी आली तर आजी हॉलमध्ये पायसुद्धा ठेवणार नाहीत, हे आजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

त्या संध्याकाळी बाटल्या विसळता विसळता ढब्बूच्या आईला कळलं की आपल्या पोटात गोळा आलाय, आणि तो काळजीचा नाही. काळजीचे सगळे गोळे तिच्या ओळखीचे होते. हा नवा होता. तिला ते स्टूल हवं होतं. इतकं हवं होतं की बाटलीचा ब्रश हातात तसाच राहिला. वर्षभरात तिने स्वतःसाठी काही मागितलं असेल तर झोप. आता तिला चक्क शेकडो माणसांसमोर धिंगाणा घालायचा होता.

"तू हसतेयस का?" नवऱ्याने विचारलं.

"मला ड्रम वाजवायचेत. स्टेजवर."

त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "ताप नाहीये. वाजव मग."

गाणं मोठं होतं, घोडदौडीच्या ठेक्याचं, मध्ये दोनदा अंगावर येणारं वळण असलेलं. आजी म्हणाल्या, "घरी ऐक, मुरव, मग ये." तिने फोनवर ऐकलं. पोरीला भरवताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं, मांड्यांवर वाजवून मांड्या लाल केल्या. वर्षभरात पहिल्यांदाच दोन्ही कानांनी ऐकलं, ढब्बूला पोटाशी बांधून, म्हणजे तिचा श्वास कानाऐवजी पोटाला कळावा. तालमीच्या दिवशी ते गाणं तिला तळपायापर्यंत पाठ होतं.

तालीम सुरू झाली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, घोडा उधळलेला. अक्कलदाढांच्या भुवया वर जाऊ लागल्या होत्या. आणि दुसऱ्या कडव्यानंतरच्या वळणावर तिने आरसा पाहिला, सिग्नल दिला, वळली, आणि धाडकन आपटली. दोघे म्हातारे पुढे निघून गेले होते. ती दोन ठोके मागे उरली होती, भर रस्त्यात, एकटी.

"झालं!" अक्कलदाढांनी गिटार खाली ठेवली. "सांगितलं होतं मी. यंत्र असं मध्येच झोपत नाही."

"मी नाही झोपले. तुम्ही दोन ठोके गाळलेत."

टपालाने पायावर पाय टाकला, म्हणजे मजा बघायची तयारी.

"मी गाळले?" अक्कलदाढ म्हणाले. "तुझ्या जन्माआधीपासून गातोय हे गाणं. नाचता येईना, अंगण वाकडं!"

तिचे कान तापले. तिने पिशवीतून फोन काढला आणि गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. वळण आलं. त्यात दोन ठोके होते, स्पष्ट, धम् धम्, आणि मग पुढची ओळ.

"पुन्हा लाव," आजी म्हणाल्या.

पुन्हा लावलं. पुन्हा धम् धम्.

"हे काय आहे?" टपालाने विचारलं. "हे कुणी घातलं मध्ये?"

मग त्याच्याच चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "अगं आई गं. माझी तबकडी!"

गावात त्या गाण्याची एकच तबकडी होती, टपालाच्या थोरल्या भावाची. तिघांनी गाणं तिच्यावरूनच उचललं होतं, वाजवून वाजवून, सुई मागे नेऊन नेऊन. आणि त्या तबकडीवर आडवा चरा होता. गाण्यात दोन ठिकाणी सुई टुणकन उडायची. उडायची आणि दोन ठोके पुढे जाऊन पडायची. तिघांनी ती उडीसुद्धा इमानेइतबारे बसवली होती. गाणं असंच आहे, म्हणून.

"पण नंतर कुठे तरी ऐकलंच असेल ना तुम्ही?" तिने विचारलं.

"ऐकलं की रेडिओवर," अक्कलदाढ हळूच म्हणाले. "मला वाटायचं रेडिओवाले ताणतात."

पहिल्यांदा आजी हसल्या. मग टपाल. मग अक्कलदाढांनी चष्मा काढला आणि डोळे पुसत पुसत तेही. हसून हसून आजींना गुडघा धरून खाली बसावं लागलं, आणि बाजूच्या खोलीतून ढब्बू उठल्याचा आवाज आला तो या हसण्यानेच.

पण हसणं ओसरल्यावर प्रश्न उरलाच. अक्कलदाढ म्हणाले, "बरोबर तूच आहेस, मान्य. पण या वयात आम्ही काय नवीन शिकणार? हॉलमधल्या लोकांनाही आमचंच गाणं माहीत आहे. आणि तुझ्या हातात तुझंच बसलंय. अडखळलीस ती अडखळलीसच." आणि त्यांचा हात डबीकडे गेला.

"एक तालीम," ती म्हणाली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. "आणखी एकच द्या. तुमची उडी मी बसवते. मला ते स्टूल हवंय."

म्हणून टाकलं. आजींनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

पाठ झालेलं विसरणं हे पाठ करण्याहून अवघड असतं. चार दिवस तिच्या नाकी नऊ आले. हात त्या जागी यायचे आणि आपोआप धम् धम् करायचे. आजी बाजूला खुर्ची टाकून बसायच्या, पाय उशीवर.

"मोजू नकोस. रस्त्यात खड्डा आहे असं समज. रोजच्या रस्त्यावरचा खड्डा कुणी मोजतं का? तिथे आलं की गाडी आपोआप बाजूला होते."

"आजी, पण मला खड्ड्याच्या आतला रस्ताही माहीत आहे ना!"

"तेच तर. कमी माहीत असलेलं बरं असतं कधीकधी. चल, पुन्हा."

पुढच्या तालमीत ती दोन्ही उड्या मारून पार गेली. गाणं संपल्यावर अक्कलदाढ म्हणाले, "हं." टपालाने तिच्या कानात सांगितलं की इतक्या वर्षांत आजींनाही पूर्ण 'हं' कधी मिळालेला नाही. डबी पिशवीत परत गेली.

राहता राहिली ढब्बू. स्टेजवरून पोरीचा श्वास तर ऐकू येणार नव्हता, पण निदान पोर दिसली तरी पाहिजे, एवढीच तिची अट होती. सासूबाई सांभाळायला आल्या. तिने त्यांना सगळं समजावलं: कानांवरचं टोपडं काढायचं नाही, पाणी पिशवीच्या उजव्या खिशात, मागच्या दाराशी उभं राहायचं, हलायचं नाही, गर्दी झाली तर बाहेर, गारठा लागला तर आत.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, तुझा नवरा मीच वाढवला ना? जिवंत आहे ना तो?"

"आहे."

"मग जा आणि ढोल बडव."

स्केटिंग हॉल गच्च भरला होता. जुनी लाकडी जमीन, वर पिवळे दिवे. पांढऱ्या केसांची माणसं चामड्याच्या जुन्या जाकिटांत पोटं कोंबून आली होती आणि त्यांची पोरं-नातवंडं त्यांच्याकडे बघून हसत होती. आजी स्टेजच्या कडेला खुर्चीत बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्याचा पाय समोर सरळ, हातात काठी. चालायची.

अक्कलदाढांनी माईक धरला. "आमच्या ड्रमरचा गुडघा सुट्टीवर आहे. तिच्या जागी आज..." आणि थांबले. मागे वळले. एवढ्या दिवसांत त्यांनी नावच विचारलं नव्हतं. "आज ड्रमवर... ढब्बूची आई!"

हॉल हसला आणि मग जोरात ओरडला. लांब, मागच्या दाराशी, सासूबाईंच्या कडेवर लाल टोपड्याचा ठिपका दिसत होता. तिने चार मोजले आणि सुरुवात केली.

पहिली गाणी कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं की किक मारली की लाकडी जमीन उत्तर देत होती. ठिपका दिसत होता. आरसा, सिग्नल, वळण. ठिपका. आरसा, सिग्नल, वळण. मग घोडदौड सुरू झाली, शेवटचं मोठं गाणं, आणि हॉलमधली जाकिटं पुढे सरकली. पहिलं कडवं. दुसरं. खड्डा आला, तिने उडी घेतली.

आणि तिच्याबरोबर सगळ्या हॉलने घेतली.

कुणी तिला हे सांगितलंच नव्हतं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्या जागी दर वर्षी सगळे हवेत उडी मारायचे. एवढ्या वर्षांत गाव त्या चऱ्यावर उडी मारायला शिकलं होतं. आणि खाली यायला ठोकेच उरत नसल्याने सगळे गाण्याच्या पुढच्या ओळीत धडपडत, एकमेकांच्या अंगावर पडत, हसत उतरायचे. जमीन हलली, स्टूल हललं. ती ओरडली. काय ओरडली कुणास ठाऊक, पण झांजेवर हाणत ओरडली. तिसरं कडवं तिने असं वाजवलं की टपाल धावत धावत तिला गाठत होता.

मग तिने मान वर केली. दाराशी लाल ठिपका नव्हता.

दार, खांब, पुन्हा दार. नाही. हात वाजवत होते, डोळे शोधत होते. उठावं? उठली तर सगळं संपलं. आजी, डबी, स्टूल, सगळं. तिने खुर्चीकडे पाहिलं. आजी तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांनी काहीच केलं नाही. हात वर केला नाही, मान हलवली नाही. तू चालवतेयस, बघ काय ते. आणि ती उठली नाही. जमिनीतून कितीतरी पावलं तिच्या पायात येत होती, आनंदाची पावलं. घाबरलेल्या गर्दीची अशी नसतात. तिने पायावर विश्वास टाकला. फक्त दुसऱ्या उडीवरचं लक्ष उडालं.

ती जागा आली, हॉल हवेत गेला, आणि तिच्या हातांनी फोनवरचं जुनं पाठांतर बाहेर काढलं.

धम्. धम्.

सगळा हॉल त्या दोन ठोक्यांवर एकदम जमिनीवर उतरला. धप्प! धडपड नाही, ढकलाढकली नाही. शेकडो पाय एका वेळी. लाकडातून असा आवाज आला की पिवळे दिवे लुकलुकले. क्षणभर कुणाला काही कळेना. अक्कलदाढांनी पुढची ओळ सुरू केली होती, ती त्यांनी घशातच गिळली. टपाल नेहमीप्रमाणे उशिरा आला, आणि म्हणून जन्मात पहिल्यांदा बरोबर वेळेवर पोचला. त्याचा बेस त्या दुसऱ्या ठोक्यावर असा बसला की त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

आणि हॉल फुटला. लोक ओरडत होते, एकमेकांचे दंड धरत होते. अक्कलदाढ माईक सोडून तिच्याकडे वळले. चष्मा पार तिरका झालेला.

"पुन्हा!" ते ओरडले. "तेच! ते दोन टाक! पुन्हा!"

तिने वळण पुन्हा घेतलं. हवेत. धम्, धम्. धप्प! आणखी एकदा. आणि तेव्हाच तिला लाल टोपडं दिसलं. मागे नाही, अगदी पुढे, स्टेजच्या पायाशी. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला होता, ढब्बू त्यांच्या कडेवर घट्ट, आणि दोघी उडी मारत होत्या. म्हणजे सासूबाई मारत होत्या आणि ढब्बू तोंड वासून, गाल हलवत, दोन्ही हात वर करून पुढच्या उडीची वाट बघत होती. आई हसत हसत रडली, की रडत रडत हसली. काठ्या थांबल्या नाहीत.

शेवटच्या झांजेनंतर ती पायऱ्या न उतरता सरळ स्टेजवरून खाली उडी मारून पोरीकडे गेली. नाकाशी बोट नेलं, आणि ढब्बूने ते बोट चावलं.

"तिथून दिसत नव्हतं गं!" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "ही बाजूने दिसत असेल, पण माझ्या मध्ये खांब येत होता. तू मला खांबामागे उभं केलं होतंस!"

मागच्या खोलीत सगळे एकदम बोलत होते. अक्कलदाढ टपालाला सांगत होते की ते दोन ठोके आता कायमचे, कल्पना त्यांना कधीचीच सुचली होती. टपाल म्हणाला, हो हो, रेडिओवाल्यांनीही तुझ्याकडूनच घेतली असेल. ढब्बूची आई आजींच्या खुर्चीपाशी खाली बसली. जे विचारायचं होतं ते दिवसभर जिभेवर होतं आणि आता विचारायला भीती वाटत होती.

"आजी, गुडघा कधी बरा होईल म्हणाले?"

"सांधा बदलला की उन्हाळ्यापर्यंत. का?"

"मग तुम्ही पुन्हा..." तिने काठ्या त्यांच्यापुढे धरल्या. बोटं सोडायला तयार नव्हती, हे आजींना दिसलं असणारच.

आजींनी काठ्यांकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मी? मी गाणार आहे. जन्मभर या अक्कलदाढेच्या पाठीकडे बघत बसले, आता त्याने माझ्या पाठीकडे बघावं."

"काय?" अक्कलदाढ वळले. "तू गाणार? अगं, तुझा आवाज म्हणजे..."

"म्हणजे काय? बोल. तोंड उघड मोठं, बोल."

"म्हणजे जरा... भारदस्त आहे," ते म्हणाले.

"मग ठरलं. सोमवारी तालीम. दोन वाजता, माझ्याकडे."

"अडीच," ढब्बूची आई म्हणाली. "दोनला ही जेवते."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ढब्बू तिच्या खांद्यावर काठीचं टोक चघळत होती.

"अडीच तर अडीच," अक्कलदाढ म्हणाले, आणि टपालाकडे बोट रोखलं. "म्हणजे तू सव्वादोनला ये."